आत्यांचा अंगठा

"आता ह्यो काय इचारतोय?" सगुणाआत्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला.

"वाचा की. मी सांगायचं नसतं."

"का? तुला ठावं न्हाई व्हय?"

"ठावं हाय. पण सांगायचं न्हाई, असा नेम हाय."

नेम खराच आहे. अ‍ॅप वापरायला सोपं झालंय का, हे तपासताना बनवणाऱ्यानं तोंड बंद ठेवायचं असतं. समोरचा अडला, चिडला, भलत्याच पानावर गेला, तरी मदत करायची नाही. फक्त बघायचं, वेळ मोजायचा आणि लिहून घ्यायचं. सहा वर्षं मी हेच करत आले. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी बँकेच्या मोबाइल अ‍ॅपची पानं आखते. कुठलं बटण कुठे, केवढं, कुठल्या रंगाचं, कुठली ओळ आधी आणि कुठली नंतर. लोकांना वाटतं या गोष्टी आपोआप होतात. आपोआप काही होत नाही. कुणीतरी शमा तांबोळी एसीत बसून ते ठरवते.

आत्या डोळे बारीक करून एकेक अक्षर लावत होत्या. "तु-म्हा-ला खा-त्री आ-हे का?" एवढं वाचून झालं आणि त्यांचं डोकंच फिरलं. "खात्री नसती तर हितवर आले असते का? येड्यात काढतोय का मला?" त्यांनी रागानं 'मागे' दाबलं. भरलेलं सगळं पुसलं गेलं.

मी तक्त्यात लिहिलं: चौथा प्रयत्न. खात्रीच्या पानावरून परत.

त्याआधीच्या तीन प्रयत्नांत आत्या ओटीपीवर अडल्या होत्या. आकडे बघायला मेसेज उघडला की अ‍ॅप नाहीसं व्हायचं, अ‍ॅप शोधून काढलं की आकडे डोक्यातून जायचे. पडवीत ऊन आलं होतं. समोर त्यांची म्हैस रवंथ करत होती, आणि तिच्या मागे, काल-परवापर्यंत जिथे भाताची खाचरं होती तिथे, बावीस मजल्यांचं काम चालू होतं.

"त्यापरीस सरळ अंगठा घ्यावा की," आत्या म्हणाल्या. "जलमभर आमी अंगठाच दिला. रेशनला अंगठा, सोसायटीत अंगठा. हितं द्या म्हनलं की द्यायाचा, सुटला जीव."

मी मोठ्यानं हसले आणि त्यांना टाळी दिली. त्या दिवशी मी फार खूश होते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणाला माझी दया येणार नाही.

सगुणाआत्या या माझ्या घरमालकांची बहीण. जांब्यात हैबतरावांची बारा खोल्यांची चाळ आहे, सगळे भाडेकरू हिंजवडीत कामाला जाणारे. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली माझी, आणि बरोबर तिच्या खाली, गोठ्याला लागून, आत्यांची. विसाव्या वर्षी नवऱ्यानं सोडलं म्हणून त्या माहेरी परत आल्या. त्या सहासष्ट वर्षांच्या झाल्या तरी इथेच आहेत. अख्खं गाव त्यांना आत्याच म्हणतं. माहेरात म्हातारी झालेली बाई दुसरं कोण होणार?

दोन वर्षांपूर्वी त्यांची वडिलोपार्जित जमीन बिल्डरला विकली गेली. जमीन विकायची ठरली की आधी बहिणींची हक्कसोडपत्रं होतात, ही इथली रीत. साडीचोळी घ्यायची, भावाच्या बाजूनं सही करायची आणि माहेरची वाट उघडी ठेवायची. आत्यांनी सही केली नाही. "चव्वेचाळीस वर्सं त्या खाचरात लावनी केली मी," त्या म्हणाल्या होत्या म्हणे. "सोडायला माझ्याकडं हक्काबिगर दुसरं हायेच काय?" त्यांचा वाटा त्यांच्या खात्यात आला, मी जिचं अ‍ॅप आखते त्याच बँकेत. त्या दिवसापासून हैबतराव बहिणीशी बोलत नाहीत. एकाच अंगणात दोघं राहतात, म्हशीला हाका मारतात, एकमेकांना मारत नाहीत.

त्या पैशाला आत्यांनी हात लावला नव्हता. त्यांना मुळशीकडच्या रिहे गावात अर्धा एकर भातखाचर घ्यायचं होतं. विठ्ठलराव नावाच्या एका म्हाताऱ्याशी बोलणं झालं होतं. "खायला-प्यायला मला कितीसं लागतंय?" आत्या सांगायच्या. "पर सातबाऱ्यावर माजं नाव पायजे. मेल्यावर निघंना का. जिती हाय तवर पायजे."

आमच्या कंपनीत कुणाला एवढं नेमकं काय हवं ते सांगता आलं नसतं.

*

साधना मॅडमना कल्पना इतकी आवडली की त्यांनी मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्या आमच्या प्रॉडक्टच्या प्रमुख. "म्हातारी माणसं जिथे जिथे गळतात, ती सगळी भोकं हिनं एका अंगठ्यानं बुजवली," त्या म्हणाल्या.

नवी मांडणी साधी होती. ओटीपी नाही. 'तुम्हाला खात्री आहे का' नाही. कुणाला पाठवायचे, किती पाठवायचे, आणि पानभर एक मोठा निळा अंगठा. रोजची मर्यादा वाढवायची असेल तर तीही त्याच पानावर, त्याच अंगठ्यानं. ज्यांना नकोच असेल त्यांच्यासाठी 'पिन वापरा' ही ओळ अगदी तळाला, करड्या रंगात, बारीक. पान मोकळं दिसावं म्हणून मीच ती बारीक केली होती.

राहिल सुरक्षेची बाजू बघायचा. पिरंगुटचा पोरगा, कमी बोलणारा. तो म्हणाला, "एक डाउट आहे. फोन आपल्याला फक्त 'जुळलं' एवढंच सांगतो. कुणाचं बोट जुळलं ते सांगत नाही. एका फोनमध्ये पाच जणांची बोटं भरलेली असतील, तर पाचही चालतात."

"मग?" मॅडमनी विचारलं.

"मग मोठ्या रकमेला तरी खात्रीचं पान राहू दे. पिन पण मागू."

"फोन ज्याचा त्याचाच असतो, राहिल," मी म्हणाले.

हे मी म्हणाले. पौडात आमच्या अम्मीचा फोन अख्ख्या आळीच्या बोटांनी उघडतो. शेजारची निलोफर त्यावर गाणी लावते, अब्बा दुकानाचे फोन करतात. मला ते त्या क्षणी आठवलं नाही, असं नाही. आठवलं. पण मॅडम माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या आणि मला ते कौतुक अजून थोडा वेळ हवं होतं.

राहिलनं खांदे उडवले. मॅडमनी आणखी एक सुचवलं. वाचता येत नाही त्यांच्यासाठी अ‍ॅप बोललं पाहिजे, आणि पुण्याच्या बातम्यांसारखं नाही, इथल्या माणसासारखं बोललं पाहिजे. आवाज माझाच घेतला. छोट्या खोलीत माइकसमोर बसून मी म्हणाले, "पैसे पोचले बरं का. काळजी नको." तीनदा घ्यावं लागलं, कारण पहिल्या दोन वेळी मला हसू आलं.

*

नवीन अ‍ॅप घेऊन मी शनिवारी पुन्हा आत्यांच्या पडवीत बसले. या वेळी त्यांच्याच फोनवर, खरंखुरं. फोनमध्ये आधी बोट भरून घ्यावं लागतं, म्हणून मी सेटिंग उघडून दिलं आणि म्हणाले, "ठेवा अंगठा."

आत्यांनी ठेवला. फोन थरथरला, लाल झाला. पुन्हा ठेवला. पुन्हा लाल.

"दाबून ठेवा."

"दाबलाय की."

पदरानं पुसून झाला, धुऊन झाला, खोबरेल लावून झालं. डावा झाला, उजवा झाला, तर्जनी झाली. शेवटी मी त्यांचा हात हातात घेऊन उन्हात धरला. अंगठ्यावर रेघाच नव्हत्या. चिखलात लावणी, विळ्याची मूठ, शेण, राखेनं घासलेली भांडी. सेहेचाळीस वर्षांत सगळं गुळगुळीत झालं होतं.

"रेशनवाल्याचं मशीन बी मला वळखत न्हाई," आत्या ओशाळून म्हणाल्या. जणू चूक त्यांचीच होती. "त्यो मग घरातल्या दुसऱ्या कुनाचा तरी घ्येतो."

"माझा भर ना, आत्या," मागून आवाज आला. माऊली गाडी लावून आला होता. हैबतरावांचा मुलगा. चाळीशीचा, जमिनीच्या दलालीत हात असलेला, स्वच्छ पांढऱ्या शर्टात. बापाचा अबोला होता, पण हा गेले चार महिने आत्यांना चहा आणून देत होता, म्हशीची पेंड आणत होता. फोनसुद्धा त्यानंच घेऊन दिला होता. "मॅडमचं काम अडलंय. भर माझा. आपलं काय येगळं हाय व्हय?"

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. चालंल का, असं त्या डोळ्यांनी विचारत होत्या. त्या चाचणीत पहिल्यांदाच त्यांनी मला न बोलता विचारलं, आणि मी उत्तर दिलं. मी मान हलवली. माझ्या मागे पंधरा जणांची यादी होती, रिह्याला जायचं होतं, ऊन चढत होतं.

फोन मी माऊलीपुढे धरला. माऊलीनं अंगठा ठेवला. पहिल्याच फटक्यात हिरवं झालं. मग अ‍ॅप उघडलं, आत्यांनी सांगितल्याप्रमाणे शंभर रुपये विठ्ठलरावांना पाठवले, निळ्या अंगठ्यावर माऊलीनं अंगठा टेकवला, आणि माझा आवाज गोड बोलला.

"अगं बया," आत्या हरखल्या. "ही तर तूच!"

तक्त्यात मी लिहिलं: सगुणाबाई, वय सहासष्ट, जांबे. यशस्वी. चार सेकंद. अंगठा कुणाचा, असा रकाना त्यात नव्हता. तक्ता मीच आखला होता.

रिह्यातही तेच झालं. पंधरांतल्या सहा बायकांचे अंगठे चालले नाहीत. कुणाच्या दिराचा, कुणाच्या सुनेचा घेतला. अहवालात मी पंधरापैकी पंधरा लिहिलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

निघताना मी आत्यांना तळाची बारीक ओळ दाखवून पिनचं सांगितलं होतं. त्यांना ती दिसलीच नाही. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, "माऊली हाय की."

*

त्यानंतर माऊली मला जिन्यात, अंगणात, नळावर भेटायला लागला. पूर्वी मान हलवून जायचा, आता थांबायचा.

"मॅडम, लई सोपं केलंत तुमी. एकच नंबर."

"थँक्यू."

"न्हाई, खरंच. कुनीबी करील असं झालंय." मग जरा वेळानं, गाडीची किल्ली बोटावर फिरवत, "आनि ती लिमिट का काय ती, ती बी त्याच अंगठ्यावं वाढती म्हनं?"

"हो. त्याच पानावर."

"चांगलंय की. बँकेत खेपा नकोत." तो हसला. "कासारसाईला धरनाच्या कडंला हॉटेल टाकतोय. ओपनिंगला या बरं का."

खोलीत आले आणि दार लावल्यावर मला कसंतरीच झालं. त्यानं वाईट काही म्हटलं नव्हतं. इतके दिवस मला हवं असलेलं कौतुक त्यानं केलं होतं. आणि तरी मी कडी पुन्हा एकदा ओढून बघितली.

दिवाळी जवळ आली होती. विठ्ठलरावांशी आत्यांचं पक्कं झालं. गुरुवारी पौडच्या नोंदणी कार्यालयात खरेदीखत करायचं ठरलं. सकाळी बँकेतून डीडी काढायचा आणि तसंच पुढे जायचं. साक्षीदार म्हणून आत्यांनी मला बोलावलं. "तुजी सही झोकात येती," त्या म्हणाल्या. मी रजा टाकली. त्यांनी पेटीतलं एक इरकल काढून दोरीवर उन्हात घातलं आणि दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही.

सोमवारी मी घरूनच काम करत होते. दुपारचे तीन वाजले असतील. चाळ रिकामी, सगळे कामावर. खालून आवाज आला, "पैसे पोचले बरं का. काळजी नको."

माझाच आवाज. मला वाटलं, आत्या शिकतायत. बरं वाटलं. दहा मिनिटांनी पुन्हा, "पैसे पोचले बरं का." मग आणखी एकदा.

मी गॅलरीत आले. बिल्डरच्या मोकळ्या प्लॉटातून आत्या येत होत्या. डोक्यावर गवताचा भारा, विळा कमरेला, पाय चिखलानं भरलेले. दोन्ही हात भाऱ्याला धरलेले. अजून त्या फाटकापर्यंतसुद्धा पोचल्या नव्हत्या.

खाली पडवीच्या कट्ट्यावर माऊली बसला होता, हातात आत्यांचा फोन. त्यानं वर बघितलं. दचकला नाही. फोन उंच करून मला दाखवला.

"आत्याचं लाइटबिल भरतोय, मॅडम. तुमचा आवाज लई भारी आलाय!"

मी हसले. हसून आत गेले. गोठ्याचं आणि एका खोलीचं लाइटबिल तीनदा भरत नाहीत, हे मला कळत नव्हतं का? मंगळवारी दुपारी माझा आवाज पुन्हा आला. बुधवारी पुन्हा. दर वेळी मी लॅपटॉपवरून मान वर करायचे आणि पुढचा आवाज येतोय का म्हणून थांबायचे. बघायचं, मोजायचं, मदत करायची नाही.

नेमाचं नाव पुढे करते आहे, पण खरं कारण दुसरं होतं. मला भीती वाटत होती. ही खोली मिळण्याआधी तीन ठिकाणी आडनाव ऐकून 'खोली कालच गेली' हे मी ऐकलं होतं. हैबतरावांनी काही न विचारता किल्ली दिली होती. पौडाहून रोज ये-जा करायची तर तीन तास बसमध्ये जातात. त्यांच्या मुलावर बोट ठेवायचं आणि तो म्हणाला की खरंच बिल होतं, तर?

बुधवारी संध्याकाळी मी आत्यांना एवढंच विचारलं, "फोन कुटंय तुमचा?"

"माऊलीकडं. चार्जिंगला लावलाय म्हनला."

"एकदा पासबुक भरून घ्या."

"उद्या जायचंच हाय की बँकंत," आत्या म्हणाल्या. इरकलाची घडी त्यांनी उशीखाली ठेवली होती.

*

बँकेतल्या माणसानं खाते क्रमांक टाकला, मग पुन्हा टाकला. चष्मा वर केला.

"आजी, डीडी कशाचा काढायचा? खात्यात शिल्लकच नाही."

"असं कसं? नीट बगा."

त्यानं पडदा आमच्याकडे वळवला. "पैसे तुम्हीच पाठवलेत ना. नऊ वेळा. सोमवारपासून. मर्यादापण तुम्हीच वाढवली."

"मी?"

"तुमच्याच फोनवरून. तुमच्याच अंगठ्यानं."

आत्यांनी अंगठ्याकडे बघितलं. आवाज चढला नाही त्यांचा. "साहेब, ह्यो अंगठा तर कुटंच चालत न्हाई."

तो कसनुसा हसला. त्याला वाटलं, आजी गंमत करतायत.

मी मधेच बोलले. "तो अंगठा ह्यांचा नाही. ह्यांच्या भाच्याचा आहे. माझ्यासमोर भरलाय. मीच भरू दिला." मी कोण, कुठल्या कंपनीची, हेही सांगितलं. मग त्याचं हसू गेलं. तो उठून मॅनेजरला घेऊन आला.

मी बाहेर जाऊन साधना मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "खूप वाईट झालं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना वाईट वाटत होतं, ते आवाजात कळत होतं. "पण शमा, आपल्या बाजूनं सगळं बरोबर झालंय. फोन त्यांचा, नोंदलेलं बोट. तू प्लीज काही लिहून देऊ नकोस. आधी लीगलशी बोलू."

मी आत येऊन कागद मागितला आणि सगळं लिहिलं. शनिवार, पडवी, कुणाचा अंगठा, फोन कुणी पुढे धरला. रिह्याच्या सहा बायकांचंही लिहिलं. मॅनेजर वाचता वाचता म्हणाला, "मॅडम, ह्यात तुम्हीच अडकाल. पैसे येतील की नाही ते मात्र सांगता येत नाही. पुढच्या खात्यातूनही ते लगेच काढलेत." मी सही केली. आत्या म्हणतात तशी झोकात आली नाही.

आत्या बाकावर बसल्या होत्या. इरकलाचा काठ नीट करत.

"माऊलीनं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"त्याचं नाव मीच ठिवलं व्हतं," त्या म्हणाल्या. "बारशाला कानात मीच सांगितलं. आमच्या घरात तवा दुसरी आत्या नव्हती."

मी त्यांच्या पायाशी बसले. सोमवारी काय ऐकलं, मंगळवारी, बुधवारी काय ऐकलं, आणि मी खाली का आले नाही, ते सगळं सांगितलं. मला वाटत होतं त्यांनी दोन शिव्या द्याव्यात. त्यांच्याकडे शिव्यांचा तुटवडा कधीच नव्हता.

त्या म्हणाल्या, "सोमवारी सांगितलं असतंस तर निम्मं ऱ्हायलं असतं."

हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. नुसता हिशेब सांगितला. तो खरा होता. मी रडायला लागले, तसा त्यांनी माझा दंड धरून मला उठवलं.

"पुलिसात जाऊ. पर आदी पौडाला. त्यो मानूस येऊन बसला आसंल."

*

घोटावड्यावरून जाणाऱ्या बसमध्ये आम्ही खिडकीशी बसलो. दोन्ही बाजूंना भात पिवळा झाला होता. कापणीला बायका उतरल्या होत्या. आत्या एकदा बाहेर बघत म्हणाल्या, "वलं हाय अजून. चार दिस थांबाया पायजे व्हतं ह्यांनी." दुसऱ्याच्या खाचराची काळजी होती ती.

नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात विठ्ठलराव धुतलेली टोपी घालून बसले होते. शेजारी त्यांचा मुलगा. टोकन त्यांनी सकाळीच घेऊन ठेवलं होतं आणि आत्यांसाठी एक खुर्ची धरून ठेवली होती.

मी बोलायला तोंड उघडलं, पण आत्यांनी मला हातानं मागे सारलं. "पैसं न्हाईत, दादा," त्या सरळ म्हणाल्या. "माझ्या खात्यातनं गेलं. तुमचा खोळंबा झाला."

मुलानं काहीतरी बोलायला सुरुवात केली, त्याला विठ्ठलरावांनी थांबवलं. "मी थांबलो असतो, बाई. पर नातीचं लगीन काढलंय. पुन्याचं एक गिऱ्हाईक मागं लागलंय, फार्महाऊसला."

"द्या त्यास्नी," आत्या म्हणाल्या. "माजी वाट बघू नगा."

विठ्ठलराव उठून गेले. जाताना त्यांनी हात जोडले. दस्त लिहिणारा समोरच्या टेबलाशी कागद पुन्हा फाइलमध्ये घालत होता. आत्या त्या खुर्चीवर टेकल्या आणि त्याला म्हणाल्या, "त्यो कागुद एक डाव बगायला मिळंल का? फाडायच्या आदी."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि कागद दिला. आत्यांनी तो मांडीवर ठेवला, अक्षरावर नजर फिरवली. मग माझ्याकडे सरकवला.

"वाच."

मी वाचायला लागले. लिहून देणार, विठ्ठल अमुक तमुक. लिहून घेणार, सगुणाबाई.

"वडलांचं नाव लावलंय का? नवऱ्याचं नको म्हनून सांगितलं व्हतं त्याला."

"लावलंय. सगुणाबाई भिकू."

"फुडं."

"व्यवसाय, शेती."

"आं?"

"व्यवसाय, शेती," मी पुन्हा वाचलं. "मौजे रिहे, तालुका मुळशी. क्षेत्र वीस गुंठे. पूर्वेस ओढा. पश्चिमेस गाडीवाट."

त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि चतु:सीमा पूर्ण होईपर्यंत ऐकून घेतल्या. दक्षिणेला कुणाचं खाचर आणि उत्तरेला कुणाचं, हे त्यांना पाठ होतं. तरी त्या ऐकत राहिल्या. आतून पुढचा नंबर पुकारला. कडेवर मूल घेतलेली एक बाई दाराशी ताटकळत उभी होती.

आत्यांनी कागद दोन्ही हातांनी दस्तवाल्याला परत दिला. मग उठल्या, खुर्ची त्या बाईकडे सरकवली आणि म्हणाल्या, "बस बाई. आमचं काम न्हाई आता हितं."

पायरीशी चपलांचा ढीग झाला होता. त्यांची जोडी त्यात सापडेपर्यंत जरा वेळ लागला.